सुपातला पाऊस

आमच्या घरात पुस्तक एकच होतं. बदनापूरच्या बाजारातून वडिलांनी आणलेलं, उर्दू, चित्रांचं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूच; पोराच्या डोळ्यांना अक्षरांची सवय व्हावी, एवढाच त्यांचा हेतू. माय ते दुपारी मला आणि धाकट्या बहिणीला वाचून दाखवायची.

माय वाचायला बसली की घर दणाणायचं. बैल आला की बांगड्यांची घुंगरमाळ व्हायची. गाडीच्या पानाला ती तांब्यावर बोटांनी चाकांचा ठेका धरायची आणि गोष्ट गायला लागायची. पावसाच्या पानाला सुपात ज्वारी घोळायची. बहीण तीन वर्षांची, पण कोणत्या पानाला कोणता आवाज ते तिला तोंडपाठ.

गोष्ट एका बैलाची. आधी तो झाडाखाली मरायला टेकलेला, मग गाडीला, मग पावसात नांगराला, आणि शेवटच्या पानावर गाईला लुचणारं वासरू. थकला म्हणून देवानं त्याला पुन्हा लहान केलं, असं माय गायची. आम्हाला ते अगदी पटायचं.

शाळेत पहिल्याच दिवशी मी घरून नेलेलं ते पुस्तक डावीकडून उघडलं. मास्तरांनी ते माझ्या हातात फिरवून दिलं. उर्दू उजवीकडून सुरू होतं. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. सगळा वर्ग हसला. त्याचा राग मी घरी येऊन मायवर काढला.

"तू उलटं वाचून राह्यलीस. तुला वाचताच येत न्हाई. बैल शेवटी मरतो."

मायच्या हातात तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला.

"मंग तूच शिक बाबा, अन् तूच वाच. बराबर वाच."

पुस्तक फळीवर गेलं. बहीण रोज मागायची. माय म्हणायची, "भाऊ शिकून राह्यलाय, तो वाचील."

काही महिन्यांनी मी वाचलं. मोठ्या रुबाबात, ओळीवर बोट ठेवून, एकेका ओळीचा अर्थ सांगत. माय शेजारीच ज्वारी पाखडत होती. पावसाचं पान आलं तशी बहीण तिच्याकडे बघायला लागली. मायनं सूप खाली ठेवलं आणि पान उलटेपर्यंत हात लावला नाही. मी थांबलो नाही. बैल मारूनच पुस्तक मिटलं. बहीण उठून अंगणात गेली.

त्यानंतर ती पुस्तकाजवळ फिरकली नाही. मुलीच्या जातीला शिकायचा आग्रह तरी कोण करणार होतं? मी मात्र त्या अक्षरांवर पुढे नोकरी मिळवली. माझ्या शिक्षणाचं कुणी कौतुक केलं की अजून अंगाची आग होते.

गेल्या महिन्यात शेताच्या कागदावर बहिणीचा अंगठा लागायचा होता. कुठे लावायचा ते तिला कळेना. मीच तिचा हात धरून तो टेकवला. बराबर जागेवर.