चार पानांचा सूड

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी आयुष्यात एकदाच सूड उगवला आणि त्याचा मला आजतागायत तिळमात्र पश्चात्ताप नाही.

काल बायकोने कांदा पावडरचं पाकीट फोडलं. तो गोडसर, उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट वीस वर्षांपूर्वीच्या आमच्या सातपूरच्या जाहिरात कचेरीत पोचलो. तिथे माहितीपत्रक सगळे मिळून लिहायचो. एकच कच्चा मसुदा टेबलाटेबलावर फिरायचा. माझी शाई निळी, शेजारच्या टेबलावरच्या शबानाची लाल, साहेबांची हिरवी. गिऱ्हाइकासमोर मात्र साहेब दरवेळी म्हणायचे, "सगळं मीच लिहितो, ही पोरं टायपिंग करतात."

म्हणून एकदा देवळ्याचे कांदा पावडरवाले अण्णा आपलं माहितीपत्रक बघायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे मी सुबक छापील प्रतीऐवजी तो कच्चा मसुदाच ठेवला. "अण्णा, निळं माझं, लाल शबानाचं, हिरवं साहेबांचं." साहेबांचा चहा ओठांशीच थांबला. शबाना ओढणीत तोंड लपवून हसत होती. आज साहेबांची दया येते, पण थोडीच. अण्णांनी चष्मा चढवून चारही पानं निवांत चाळली आणि ते मोठ्यांदा म्हणाले, "सायेब, यात तुमची तर नुस्ती सहीच हाय!"