पाहुण्याचं वजन

अर्धे कपडे दोरीवर गेले होते, अर्धे बादलीत होते, आणि डागमावशी नवऱ्याच्या पँटचा खिसा उलटा करून उन्हात धरून उभ्या होत्या. खिशाच्या शिवणीत पिवळट लगदा अडकला होता. त्यांनी तो नखाने खरवडला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. बिस्किट. तेही साधं नव्हे, मध्ये क्रीम असलेलं.

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "तुम्हाला साखर कधीपासून चालायला लागली?"

आतून फक्त वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. बादलीतले कपडे बादलीतच राहिले. मावशी तो खिसा तसाच हातात धरून आत गेल्या.

गल्लीच्या टोकाला धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं, त्याच्या काउंटरवर मावशी चोवीस वर्षं बसत होत्या. कपडा हातात आला की आधी खिसे, मग कॉलर, मग बाह्या, आणि शेवटी डाग. गिऱ्हाईक म्हणायचं, चहा सांडला. मावशी कापड उजेडाकडे धरून म्हणायच्या, "चहाला असली कडा येत नाही, हे खोकल्याचं औषध आहे. घरी काय सांगायचं ते सांगा, इथे खरं सांगा, नाहीतर निघणार नाही." लोक ओशाळायचे आणि खरं सांगायचे. त्यावरूनच त्यांना डागमावशी हे नाव पडलं. माणूस काहीही सांगतो, कापड मात्र खोटं बोलत नाही, हा त्यांचा अनुभव होता, आणि देवाने आपल्याला डोळे त्यासाठीच दिलेत अशी त्यांची समजूत होती.

संशय दुकानातच ठेवून यायचा असतो, हे त्यांना कधी जमलं नाही. दीड महिन्यापूर्वी सून बीगल जातीचा कुत्रा घेऊन आली तेव्हा मावशींचा पहिला प्रश्न होता, "फुकट कसा दिला?"

मुलगा लांबच्या शहरात नोकरीला गेल्यापासून नऊ वर्षांची नात संध्याकाळी दारातच बसून राहायची. तिच्यासाठी सुनेने हा उद्योग केला होता. सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणारी एक संस्था होती, तिथून हा आला. लांब कान, तपकिरी डोळे, पांढरे पाय, आणि पोट असं की चालताना गादीची गुंडाळी चालल्यासारखी वाटावी. आधीच्या घरात त्याला जो तो भरवायचा. वजन सोळा किलो चारशे ग्रॅम. पाठीचा एक मणका दुखावलेला होता.

संस्थेच्या चष्मेवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. "हा जीव लाघवी आहे, मुलांत रमतो. पण नाक लागलं की कान बंद होतात. वास आला की तुम्ही घसा फोडा, ऐकणार नाही. पट्टा सोडायचा नाही. केस वर्षभर गळतील. एकटा पडला की भोंगा वाजवेल, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. कान लांब आहेत, आत ओल राहते, आठवड्याला पुसायचे. आणि खाणं. याचं पोट भरलंय हे याला कधीच कळत नाही, ते तुम्हाला कळायला हवं. वजन उतरलं नाही तर मागचे पाय जातील. दर महिन्याला मी काटा घेऊन येईन. दोन महिन्यांत सोळाच्या खाली आला नाही, तर मला त्याला परत न्यावं लागेल."

नातीने त्याचं नाव बटण ठेवलं. मावशी त्याला पाहुणा म्हणायच्या. "जाणाऱ्याला नाव कशाला," असं म्हणायच्या. पण कान पुसायचं काम पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःकडे घेतलं, कारण बाकीच्यांना ते नीट जमत नव्हतं.

पहिल्या महिन्यात काटा आला आणि सोळा किलो नऊशे दाखवून गेला. वजन उतरायचं सोडून अर्धा किलो चढलं होतं. नात दोन दिवस नीट जेवली नाही. आता दुसऱ्या वजनाला सोळा दिवस उरले होते, आणि मावशींच्या हातात क्रीमच्या बिस्किटाचा खिसा होता.

संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या. नवऱ्याची पँट, सुनेचा हातरुमाल आणि नातीच्या शाळेच्या गणवेशाचा फ्रॉक.

"हे काय, प्रदर्शन?" नवरा म्हणाला. तो जन्मभर बस चालवून निवृत्त झाला होता आणि घरातल्या वादात शक्यतो कडेने जायचा.

"पँटीत बिस्किट. रुमालावर चीज, घडीच्या आत. फ्रॉकच्या खिशात अंड्याचा बलक, सुकलेला. एकेकाने बोला."

"चोवीस तासांत एक बिस्किट," नवरा म्हणाला. "अगं, फिरायला नेतो तर मध्येच बसतो तो. फतकल मारून बसतो. गाडी सुरू करायला काहीतरी लागतंच की."

"म्हणून लाच?"

"इंधन."

सून म्हणाली, "आई, मी फक्त गोळी देताना चीजमध्ये गुंडाळते. नुसती गोळी तो थुंकतो. आणि चीज माझ्या वाटणीचं असतं."

"वाटणी तुझी, पोट त्याचं. आणि तू ग?"

नातीने खाली पाहिलं. "मला बलक आवडत नाही, आजी. तू म्हणतेस अन्न टाकू नये."

बटण टेबलाखाली बसून फ्रॉकच्या खिशाचा वास घेत होता, पुरावा तपासावा तसा.

त्या दिवसापासून घरात कडक कायदा लागला. खाण्याचा डबा कुलपात, किल्ली मावशींच्या कमरेला. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी, सपाट, वर टेकडी नाही. कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडायचं झाकण होतं, ते बटणला दुसऱ्याच दिवशी जमलं होतं, म्हणून डबा कपाटात गेला आणि कपाटाला दोरा बांधला. रोज कामावर जाण्याआधी मावशी बटणला उचलून न्हाणीघरातल्या काट्यावर उभ्या राहायच्या, मग त्याला खाली ठेवून एकट्या उभ्या राहायच्या आणि वजाबाकी करायच्या.

पाच दिवस झाले. काटा हलला नाही. सहाव्या दिवशी शंभर ग्रॅम वर गेला.

आता मावशींना कोणाचंच खरं वाटेना. नवऱ्याचे खिसे त्या रोज तपासू लागल्या. सून जेवताना तिच्या हाताकडे बघू लागल्या. समोरच्या शिंपिणीला जिन्यात गाठून विचारलं, "तुम्ही आमच्या पाहुण्याला काही देता का हो?" ती म्हणाली, "मावशी, तुमच्या घरातलं मी कुणाला साधा नमस्कार करायलाही भिते हल्ली." कपाटाचा दोरा तसाच होता. डब्याचं कुलूप तसंच होतं. खिसे स्वच्छ होते. रुमाल स्वच्छ होते. तरीही कुत्रं कुठून तरी खात होतं.

"एवढी चौकशी तर अपघात झाल्यावर पण नव्हती माझी," नवरा म्हणाला.

"अपघातात बस दिसते तरी."

सातव्या दिवशी दुपारी मावशी दुकानातून परतल्या आणि रोजच्यासारखी खिडकीतली बशी विसळायला घेतली.

या बशीची गोष्ट वेगळी होती. मुलगा लांब गेला त्या आठवड्यात मावशींनी देवाला बोलून ठेवलं होतं, की लेकरू परक्या गावी सुखरूप असेतोवर माझ्या ताटातला पहिला घास मुक्या जीवाला. अकराला कामावर निघण्याआधी त्या जेवायच्या, आणि त्याआधी पहिला घास बशीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायच्या, पक्ष्यांसाठी. घास म्हणायचा, पण देवाला मोजून कसं द्यायचं? लोणी लावलेला जाडसर पाव असायचा, कधी वर भाताचा गोळा. कित्येक महिने पक्षी फिरकले नव्हते. मग गेल्या दोन महिन्यांत बशी रोज रिकामी होऊ लागली. मावशींनी मुलाला फोनवर आवर्जून सांगितलं होतं, "पक्षी यायला लागलेत रे. ऐकलं बघ देवाने."

आता नळाखाली बशी धरली आणि मावशींचा हात थांबला. बशीत विसळण्यासारखं काही नव्हतं. लोण्याचा थर नाही, भाताचं शीत नाही, कडेला पावाचा चुरा नाही. पक्षी टोचून खातो, निम्मं सांडतो, वर आठवण म्हणून काहीतरी मागे ठेवून जातो. ही बशी तर पुसून काढल्यासारखी होती. चोवीस वर्षं डाग शोधण्यात गेली, आणि इथे डाग नव्हता हेच त्यांना दोन महिने दिसलं नव्हतं.

त्या खिडकीजवळ गेल्या. काचेवर खालच्या बाजूला ओल्या नाकाचे गोल ठसे होते, एकावर एक, सगळे एकाच उंचीवर. खाली त्यांचं बसायचं स्टूल होतं. गुडघे दुखतात म्हणून तिथे बसून त्या भाजी निवडायच्या. स्टुलाच्या गादीचे धागे चार ठिकाणी ओढले गेले होते. दोन पांढरे केस.

तरी खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी घास ठेवून, चपला वाजवून, दार मोठ्याने ओढून घेऊन त्या बाहेर न जाता बोळकंडीत कपाटाआड उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत नवऱ्याचं घोरणं सुरू झालं. मग नखांचा टकटक आवाज आला. बटण आला, घाई न करता, कामावर आलेल्या माणसासारखा. स्टुलावर पुढचे पाय, मग मागचे, दुखऱ्या पाठीने थोडं कण्हून. घास संपवला, बशी चाटूनपुसून काढली, नाकाने सरकवून तिच्याखालीही पाहिलं. उतरला आणि मावशींना पाहून शेपूट हलवू लागला. कसलाच संकोच नव्हता. ज्याच्या नावाने ठेवलं त्यानेच खाल्लं, मुका जीव तर तोही होता.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मावशी त्याच स्टुलावर बसल्या. त्या दिवशी कामावर उशीर झाला.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. घास त्या आता कागदात गुंडाळून बाहेर नेऊ लागल्या आणि दुकानामागच्या भिंतीवर ठेवू लागल्या. खिसे तपासणं बंद झालं. किल्ली कमरेला राहिली, पण आवाज खाली आला. तिसऱ्या दिवशी नवरा त्यांच्याकडे बघत राहिला.

"काय बघता?"

"बाहीवर लोणी आहे तुझ्या," तो म्हणाला. आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेला.

मावशींनी बाही दुमडून घेतली. सुनेला जेवताना घास घशात अडकेल इतकं बघितलं होतं, नातीला टेबलासमोर उभं केलं होतं. आणि आता सांगायचं म्हणजे मुलालाही सांगायचं, की पक्षी आलेच नव्हते. रोज प्रार्थनेला हात जोडले की तेच समोर यायचं. रविवारपर्यंत काटा उतरेल, मग सांगायची गरजच पडणार नाही, असंही मन म्हणायचं. त्या मनावरही त्यांचा विश्वास उरला नव्हता.

रविवारी चष्मेवाल्या बाई आल्या. काटा जमिनीवर ठेवला. नातीने बटणला वर बसवलं आणि हात काढून घेतला.

सोळा किलो चारशे.

"उतरलंय," बाई म्हणाल्या, "पण आला तेव्हाही एवढंच होतं. सोळाच्या खाली ठरलं होतं आपलं." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "वरचं खाणं कोण देतं याला?"

"कोणीच नाही," सून म्हणाली. "खरंच, सगळं कुलपात आहे. आई तर आमचे खिसेसुद्धा..."

नातीने पट्टा मनगटाला दोन वेढे घेऊन धरला होता.

"मी देत होते," मावशी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले, नवरा सोडून. मावशींनी बशीचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं, नाकाच्या ठशांचं सांगितलं. "आठवडाभरापूर्वी कळलं. त्याआधी दोन महिने रोज. या तिघांचं बिस्किट-बिस्किट चिल्लर होतं, मोठा घास माझा होता. आणि कळल्यावरही बोलले नाही."

"किती असायचा घास?"

"मोजला नाही. देवाचं मोजत नाहीत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी पस्तीस घरांत काटा घेऊन जाते. सगळीकडे एकच उत्तर, कोणीच देत नाही. मग औषध कशावर करायचं?"

मावशींना आपलंच काउंटरवरचं वाक्य आठवलं आणि त्यांनी मान खाली घातली.

"गेल्या वेळेपेक्षा पाचशे ग्रॅम उतरलंय, तेही घास बंद झाल्यावरच्या आठ दिवसांत," बाई म्हणाल्या. "म्हणजे वाट सापडली. एक महिना देते. तेव्हा साडेपंधरा हवं, त्यात सवलत नाही." त्यांनी कागदावर लिहिलं आणि विचारलं, "नाव काय म्हणता त्याला?"

"बटण," नात पटकन म्हणाली, आणि आजीकडे बघितलं.

"बटणच लिहा," मावशी म्हणाल्या.

बाई गेल्यावर सून उठून चहा ठेवायला गेली. जाताना म्हणाली, "आई, तुमचे खिसे आता कोणी तपासायचे?" मावशी म्हणाल्या, "तूच तपास, मला ते नकोच." नवरा वर्तमानपत्राआड हसला, ते कागद हलला म्हणून कळलं.

देवाला बोललेलं मोडायचं नव्हतं, आणि मुलालाही त्या खरं तेच सांगणार होत्या. त्यांनी स्टूल उचलून आतल्या खोलीत नेलं, खिडकीबाहेरच्या लोखंडी पट्टीची उंची वितीने मोजली, बशी पिशवीत घातली आणि चपला पायात सरकवल्या. हार्डवेअरच्या दुकानातून बशी उंच टांगायला एक हूक आणि हातभर साखळी आणायची होती.