सुयांच्या बदल्यात तिकिटं

विलायतेतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी कधी पाहिलं नाही, त्यानेही आम्हाला पाहिलं नाही. तरी देवापुढे हात जोडले की घरच्यांच्या जोडीने अजून त्याची आठवण येते. आता तो कुठला असायला! पण उपकार ते उपकारच. आणि त्याच्या एकट्याचेच कशाला, इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचे आहेत. सांगते.

मध्यभारत राज्याचे दिवस होते. सरकार उन्हाळ्यात इंदूरला बसायचं आणि बाकी वर्ष ग्वाल्हेरला. आमचे हे कचेरीत कारकून, त्यामुळे फायलींच्या पेट्या निघाल्या की यांची वळकटीही निघायची. मागे घरात आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. लग्न होऊन चार वर्षं होताहेत तोच नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी आलेल्या. बोलणं इतकं हळू की शेजारच्या खोलीत आहेत की नाहीत ते कळू नये. मी तोंडाळ, त्या अबोल. म्हणूनच आमचं जमलं असणार.

वन्संनी आपल्या पाटल्या मोडून मोजे विणायचं मशीन घेतलं होतं. रेसिडेन्सीतली एक मडम देश सोडून निघाली, तिने सामान विकायला काढलं, त्यातलं ते. मधे एक नळकांडं, त्यात गोलाकार उभ्या सुया, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की खालून लोकरीचा मोजा उतरत यायचा. थंडीत दोन शाळा वन्संकडूनच मोजे घेत. त्या पैशातून त्यांचं लुगडं, तेल, साबण, आणि उरलेले सासूबाईंच्या हातात. यांनी बहिणीकडे कधी पै मागितली नाही, पण ते पैसे देताना वन्संचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

एका वर्षी कचेरी नुकतीच ग्वाल्हेरला गेली होती, गणपती उठले होते, आणि मशीनच्या सुया एकामागून एक तुटायला लागल्या. या सुया वेगळ्या. टोकाशी आकडा आणि आकड्यावर उघडझाप करणारी इवलीशी जिभली. जिभली मोडली की टाका सुटतो आणि मोजा उसवत जातो. सराफ्यातल्या एका सोनाराने तशी सुई करून दिली, ती पहिल्याच फेऱ्यात वाकली. मुंबईला विचारलं, तर बाहेरून माल येणंच बंद आहे म्हणे. मशीनवर कापड घालून ठेवलं.

आणि नेमकं तेव्हाच धारहून वन्संच्या दिराचं कार्ड आलं. बायको बाळंत झाली आहे, घरात करायला कोणी नाही, देवदिवाळी झाली की वहिनींना न्यायला येतो, नाहीतरी त्या तिथे बसूनच असतात. माझं डोकंच फिरलं. तीन वर्षांत वहिनी जगली की मेली ते विचारलं नाही, आणि आता फुकटची स्वयंपाकीण हवी! सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. यांचं ग्वाल्हेरहून उत्तर आलं, "ताईच्या मनाप्रमाणे होऊ द्या."

ताईचं मन काय? वन्सं म्हणाल्या, "मशीन चालू असतं तर नाही म्हटलं असतं. पण बसून भावाचं खायचं, त्यापेक्षा तिथे राबून खाल्लेलं बरं, वहिनी."

मी त्यांना पुष्कळ समजावलं, रागावले, आई-शप्पथसुद्धा घातली. अबोल माणसाचा हट्ट फार वाईट. सुया आल्या तर त्या राहणार आणि नाही आल्या तर जाणार, एवढं मला कळलं. त्या घरातून गेल्या तर मी बोलणार कुणाशी?

मशीनच्या पट्टीवर विलायतेतल्या दुकानाचा पत्ता कोरलेला होता. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर पत्र टाकलं. उत्तर लगेच आलं: सुया आहेत, इतके शिलिंग होतील, कृपया पैसे आधी पाठवा.

शिलिंग! मी आपली पिशवीत रुपये घेऊन बँकेत गेले. तिथल्या बाबूने आधी मला आपादमस्तक पाहिलं. मग म्हणाला, परदेशी पैसा असा कुणालाही मिळत नाही, कशासाठी हवा ते लिहून द्या, परवानगी लागेल, मग ड्राफ्ट निघेल. ड्राफ्टचा खर्च विचारला, तर तो सुयांपेक्षा जास्त! "छोट्या रकमेला परवडत नाही हो, मोठी ऑर्डर का नाही देत? आणि असं करा, मिस्टरांना पाठवा," तो म्हणाला.

"मिस्टर ग्वाल्हेरला आहेत आणि मशीन इथे आहे," मी म्हटलं. "मी काही कारखाना काढत नाहीये. सुया हव्यात, सुया!" बँकेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का.

तिथून तणतणत मोठ्या पोस्टात गेले. विलायती पोस्टल ऑर्डरी संपलेल्या, कधी येतील ते सांगता येत नव्हतं. खिडकीतल्या भियाला, इंदुरात भाऊला भियाच म्हणतात, बहुतेक माझी दया आली असावी. म्हणाला, "बाईजी, रिप्लाय कूपन भेज दो. यहाँ आनों में मिलेगा, वहाँ उसको डाक-टिकट मिल जाएगा. दुकानवाला है, चिट्ठी तो लिखता होगा." मला तर तो देवासारखा भेटला. कमिशन नाही, अर्ज नाही, भानगड नाही. एक कूपन नमुन्याला घेतलं आणि दुकानदाराला लिहिलं की बाकीची किंमत अशा कूपनांत चालेल का. कुणासाठी हवंय, का हवंय, धारचं कार्ड, सगळं लिहून टाकलं. इंग्रजीत रडता येत नाही मला, पण त्या पत्रात जमलं असावं.

या उत्तराची वाट बघताना जीव मेटाकुटीला आला. दसरा झाला. उत्तर आलं ते असं की इतक्या कूपनांचं मी काय करू, वर्षभर पुरतील एवढी पत्रं मी लिहीत नाही. झालं, संपलं सगळं! वन्संनी पत्र माझ्या हातातून घेतलं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मागच्या बाजूलाही लिहिलंय काही."

मागच्या बाजूला लिहिलं होतं, मी म्हातारा माणूस आहे, हिंदुस्थानातल्या संस्थानांची जुनी टपाल-तिकिटं जमवतो, तुमचा पत्ता इंदूरचा आहे, तुमच्या संस्थानची वापरलेली तिकिटं घरात पडली असतील तर ती पाठवा, सुयांचे पैसे नकोत.

अगं बाई! संस्थान विलीन झालं, तिकिटं बाद झाली, त्यांना कोण विचारत होतं? माझे सासरे संस्थानच्या नोकरीत होते, त्यांना आलेली सारी पत्रं माजघरात तारेत ओवलेली तशीच लटकत होती. तार खाली उतरवली. अर्धी निघाली नुसती कार्डं, त्यांवर तिकीट छापलेलंच. मग मी पिशवी घेऊन गल्लीत घरोघर गेले. आमच्या गल्लीत सगळी जुन्या खात्यांतली माणसं, कागद टाकणार नाहीत. "काय हो, रद्दीचा धंदा काढलात की काय?" म्हणून सगळ्यांनी चिडवून घेतलं, पण कारण कळल्यावर एकाही घराने मला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. कुणी माळ्यावर चढलं, कुणी लग्नाच्या जुन्या निमंत्रणांचे लिफाफे काढून दिले. कोपऱ्यावरचा किराणावाला तर म्हणाला, "भाभीजी, पहले बोलतीं! मैं तो इनमें जीरा बाँधता रहा," आणि उरलेला गठ्ठाच पुढे ठेवला. त्या दिवशी घरी येताना मला रडू आलं, तेही भर रस्त्यात. माणसं किती चांगली असतात, आपल्यालाच ठाऊक नसतं.

तिघी बसलो. लिफाफ्यांचे कोपरे पाण्यात भिजवले, तिकिटं सोडवली, पाटावर वाळत घातली. वन्संची बोटं मोज्यांच्या टाक्यांना सरावलेली, एकही तिकीट फाटलं नाही. सगळी घडीच्या कागदात ठेवली, सगळ्यांत वर महाराजांचं मोठं तिकीट. तेवढ्यात सासूबाईंनी करंडा पुढे केला. "या घरातून पहिल्यांदा काही विलायतेला चाललंय. हळदकुंकू लाव गं."

मी कागदाला बोट लावायला गेले, तर म्हणाल्या, "कागदाला काय लावतेस? लक्ष्मी तिकिटात आहे!" मग महाराजांच्या कपाळावर बोट टेकवलं, एकदा हळदीचं आणि एकदा कुंकवाचं. छान दिसत होते.

पाकीट पेटीत पडल्यावर मोठ्या कौतुकाने पोस्टातल्या भियाला सांगायला गेले. त्याने कपाळावर हातच मारला. "अरे बाईजी, ये क्या कर दिया! शौकीन लोग दाग लगा टिकट छूते भी नहीं. उसको लगेगा ठग लिया." मी घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. दिवाळीत करंज्या तळताना माझं लक्ष दाराकडे, पोस्टमन दिसला की झारा हातात घेऊनच दारात. वन्संनी तर आपली ट्रंक पुसून ठेवली होती.

दिवाळी होऊन गेली आणि एक जाड पाकीट आलं. उभ्या उभ्याच फोडलं. आत तेलाच्या कागदात सुया! मागितल्या त्याहून कितीतरी जास्त. सोबत चिठ्ठी होती. सगळी तिकिटं उत्तम पोहोचली, हिशेब करता माझ्याकडेच देणं निघतं म्हणून जादा सुया ठेवतो. आणि एक विचारायचं आहे, वरच्या तिकिटावरची ती पिवळी आणि लाल खूण कुठल्या साली सुरू झाली? माझ्या मित्रांपैकी एकाकडेही तसं तिकीट नाही, दोघं ते विकत मागताहेत.

मी हसता हसता रडले की रडता रडता हसले, देव जाणे. सासूबाई म्हणाल्या, "पाहिलंस?" त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. मी त्याला खरं ते लिहून पाठवलं की ही सरकारी खूण नव्हे, चांगलं काम निघालं की आमच्याकडे असं करतात. त्याचं उत्तर आलं, मग तर हे तिकीट कुणालाच देणार नाही.

सुया बसवल्या त्या दिवसापासून वन्सं मशीनवरून उठेचनात. देवदिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे दीर टांग्यातून उतरले, सोबत ट्रंक बांधायला दोरी. मी चहा ठेवला आणि कान बाहेर.

"वहिनी, सामान बांधलंत का?"

मशीन चालूच होतं. "टाच चाललीय भाऊजी, मधे सोडता येत नाही. बसा."

ते बसले. चहा प्याले. टाच झाली, मोजा उतरला, वन्संनी कात्रीने धागा कापला. मग, मला आतपर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने, म्हणाल्या, "मी येत नाही भाऊजी. मला इथे काम आहे."

दिरांनी सासूबाईंकडे पाहिलं, दारात आलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाळ, पण त्या दिवशी मला बोलायची गरजच पडली नाही. वन्सं उठल्या, कोनाड्यातून दोन जोड्या काढल्या आणि पुढे ठेवल्या. "ही छोटी बाळाला, काकूकडून. ही मोठी तुमच्या मापाची आहे. हवी असली तर बारा आणे."

भाऊजींनी मोठी जोडी उचलली. मग खिशात हात घालून एक रुपया काढून दिला, आणि वन्संनी चार आणे परत दिले.