भिंतीतली तार

तारेचं साल दातांनी सोलायचा. काढलेले स्क्रू बशीत ठेवायचा आणि चहा कपानेच प्यायचा. लॅपटॉप उघडण्याआधी त्याच्या पाठीवर थाप मारायचा. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम फोन लावत असला की डोळे मिटून कान टेकवायचा. किंचाळी संपून खरखर झाली की म्हणायचा, "लागला!" दुरुस्तीच्या दुकानात सगळे त्याला खटपट्या म्हणत.

त्याच्या ताईचा नवरा कामावर जाताना घरातला टेलिफोन पिशवीत घालून न्यायचा. जेवण खारट म्हणून मारायचा, अळणी म्हणूनही मारायचा. ताई बाजाराच्या निमित्ताने दुकानात आली, तेव्हा ओठ फाटलेला होता.

"दार लागलं रे."

"तुमच्या दाराला हात फुटलेत वाटतं." मग तो हळूच म्हणाला, "टेलिफोन नेतो. भिंतीतली तार तर नेत नाही ना?"

दुकानातल्या जुन्या लॅपटॉपांवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली तेवढी चालायची. त्यांतले बहुतेक मोडेम अर्धवट, निम्मं काम विंडोजकडून करून घेणारे. लिनक्सपुढे ते मुके. खटपट्याने भंगारवाल्याचा ढीग उपसला. शेवटी आपलं सगळं काम आपणच करणारा मोडेम सापडला, तो एका विटेसारख्या जड लॅपटॉपात. तोच त्याने ताईला दिला.

ती रोज दुपारी भिंतीतल्या तारेला तो जोडायची. परगावी नोकरीसाठी अर्ज पाठवायची. भावाला लिहायची, "आहे अजून." होकार आला की ती घर सोडणार होती.

"अरे, केवढा ओरडतो हा! तोंड बंद कर ना ह्याचं," ती पुढच्या वेळी दुकानात आली तेव्हा म्हणाली.

"नाही ओरडला तर लागला की नाही, कळणार कसं? आणि दुपारी ऐकायला आहे कोण?"

"शहाणा आहेस. कर म्हटलं ना."

"शुक्रवारी घेऊन ये. एका ओळीचं काम."

गुरुवारी नवरा अंग मोडून आलं म्हणून दुपारीच परतला. किल्ली कुलपात घालताना त्याला आतली किंचाळी ऐकू आली.

त्या दुपारी ताईचा निरोप आला नाही. खटपट्या धावत सुटला. दार उघडंच होतं. तिची बोटं लॅपटॉपात होती, झाकण मिटलेलं होतं आणि झाकणावर नवऱ्याचा गुडघा होता.

खटपट्याने त्याच्या मनगटात दात रोवले. पार हाडापर्यंत. गुडघा सरकला.

"पळ, ताई!"

ती पळाली. मागे नवऱ्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव कानावर बसला. खटपट्या खाली पडला, तरी नवरा मारतच राहिला. शेजारी आत शिरले तेव्हा झाकण तुटून लोंबत होतं आणि तो अजून मारत होता. मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताई वाचली. बोटं वाचली नाहीत.

दुकानात बशीत स्क्रू पडले आहेत. शुक्रवारची तयारी म्हणून खटपट्याने मोडेमचा आवाज बंद करणारी ओळ लिहायला घेतली होती. ती पडद्यावर अर्धीच आहे.