साडूंचं काळं मंजन

आमच्या साडूंसारखे दात अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नाहीत. हे मी म्हणत नाही, माझी बायको म्हणते, आणि तेही मी दाढ धरून बसलेलो असताना. पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ उसाचं कांडं दातांनी सोलतात, सुपारी अडकित्त्याशिवाय फोडतात, आणि सासुरवाडीच्या पंगतीत नुसते हसले तरी सासूबाई त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढतात. हसतो मीही. माझ्याकडे कुणी बघत नाही. काष्टीच्या बैलबाजारात उठबस असल्यामुळे दात बघून पारख करायची त्यांची सवय माणसांनाही लागू होते. माझ्या साखरपुड्यात त्यांनी चारचौघांत माझी हनुवटी धरली, "पाव्हनं, जरा आ करा" म्हणाले, आत वाकून पाहिलं आणि सासऱ्यांना निकाल सांगितला, "गडी चांगला हाय, पन दाढांचं काय खरं न्हाई." लग्न मोडलं नाही, पण त्या घरात माझा भाव पडला तो पडलाच.

त्यांचं स्वतःचं मंजन आहे. बाभळीची साल, बदामाची जाळलेली टरफलं, लवंग, तुरटी, सैंधव, सगळं स्वतः खलबत्त्यात कुटून धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि पाहुण्यारावळ्यांना बाटल्या भरभरून द्यायचं. टूथपेस्टचं खोकं दिसलं की चष्मा लावून ते कोर्टाच्या समन्सासारखं वाचतात. "ह्यात फ्लोराईड हाय. ल्हान पोरानं गिळू नये म्हनून हितंच लिवलंय. जे गिळायचं न्हाई ते तोंडात घालायचं कशाला?" मी एकदा म्हणालो, "दादा, गिळायचं नाही, थुंकायचं." ते शांतपणे म्हणाले, "तुमी थुकता, तरी दाढ दुखतीच की!" सगळं घर हसलं. बायको सगळ्यांत मोठ्यांदा हसली.

इथवर मी सोसलं. पण माझी लेक चिऊ सुट्टीत काष्टीला राहून आली ती काळं तोंड करून आणि मंजनाची बाटली घेऊन. आता तिला पेस्ट नको, कारण काकांनी सांगितलंय. मी रागावलो, गोडीत घेतलं, स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट आणली. बापाचं काही चालेना. वर्षभर पोर काळं मंजन घासत राहिली, आणि मग तिची नुकतीच आलेली कायमची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कीड लागलीय, भरावी लागेल. घरचं मंजन कीड अडवत नाही. फ्लोराईडची पेस्ट वापरा, वाटाण्याएवढीच, आणि तिला थुंकायला शिकवा." लेकीचं वाईट वाटलंच, पण खोटं कशाला बोलू, मनात आनंदाच्या थोड्या उकळ्याही फुटल्या. दवाखान्याच्या पायरीवरूनच साडूंना फोन लावला आणि सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. पलीकडून एवढंच, "तिला लई दुखतंय का?"

दाढ भरायच्या दिवशी ते पहिल्या एसटीने नगरला हजर. मी भांडणाची जय्यत तयारी केली होती. त्यांनी मंजनाची बाटली डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. बाईंनी चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं आणि त्यांनाच आ करायला लावलं. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या खुशाल करा, हिरड्यांना बरं वाटेल. पण हे खरखरीत आहे, तुमचेही दात झिजलेत." साडू म्हणाले, "व्हय." एवढंच! आणि चिऊ त्या उंच खुर्चीत बसताना म्हणाली, "पप्पा नको, काका बसू दे जवळ."

मी बाहेर बाकावर. अर्धवट उघड्या दारातून त्यांचा आवाज येत होता, "चिऊ, माझं चुकलं बाय. तू पेस्टनीच घास. मी बी घासतो तुज्यासंगं." आयुष्यभर मिरवलेलं मंजन त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. मला बाजारातून आणलेली वांगी किडकी निघाली तरी बायकोपुढे कबूल करता येत नाही. त्यांच्या नुसत्या दातांवर जळत होतो तेव्हाच बरं होतं, असं त्या बाकावर वाटून गेलं.

आता रोज सकाळी चिऊ मोबाईल बेसिनवरच्या आरशाला टेकवते आणि ती नि काका व्हिडिओ कॉलवर दात घासतात. माझीच पेस्ट, माझंच म्हणणं, आणि मी ब्रश घेऊन मागे घुटमळतो. काल फेसाळल्या तोंडाने मोबाईलमधून हाक आली, "चिऊ, जरा सरक की. पप्पाला जागा दे." ती सरकली, मोबाईलवरची नजर न काढता, थोडीशी. तेवढ्या जागेत मी उभा राहिलो.