मिरचीच्या पथारीवर परदेशी साहेब

मिरचीत जन्म काढला की नाक बंद होतं आणि तोंड उघडतं! नंदुरबारला मोकळ्या मैदानात लाल मिरची वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. तिथे आम्ही बाराजणी मिरचीचे देठ काढतो. मी त्यांची मुकादम. दिवसभर हात गुंतलेले आणि जिभा मोकळ्या, मग किस्से साचणार नाहीत तर काय! शेठने परदेशात माल धाडायला घेतला, तेव्हापासून तर ऊतच आलाय.

*

परदेशी कंपनीने नियमांचा कागद पाठवला. शेठने तो भिंतीला चिकटवून वाचून दाखवला. "बांगड्या नको, तंबाखू नको, गप्पा नको. झालं!"

मी शाळेत गेले नाही. गोण्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. चष्मा लावला आणि चौथा नियम मोठ्याने वाचला, "बायकांसाठी संडास हवा."

"अरे, तो राहिलाच वाचायचा!" शेठ म्हणाले.

इतकी वर्षं आम्ही तोंडाने मागत होतो. त्या एका कागदाने पंधरा दिवसांत बांधून दिला! खोटं का बोलू, त्या न पाहिलेल्या साहेबाला मी मनापासून आशीर्वाद दिला.

पण शेठने संडासाला कुलूप ठोकलं. "साहेब तपासायला येईपर्यंत स्वच्छ राहू दे, माय."

"मग साहेबालाच आत बसवा, आम्ही बाहेर टाळ्या वाजवतो!"

लगेच किल्ली मिळाली.

*

आमच्या शकीलाचा मुलगा दुबईत हॉटेलात कामाला. त्याने व्हिडिओ कॉलवर किचनमधली सुकी मिरची दाखवली. "अम्मी, देख, अपने नंदुरबार की!"

दुसऱ्या कुठल्याही आईचे डोळे भरून आले असते. ही ओरडली, "जरा पास पकड! डंठल दिख रहा है!"

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट रेशमीवर. रेशमी तोरणमाळकडची, हंगामापुरती खाली उतरते. "तुन्ही मिरची दुबईले देठसकट गयी वं!"

रेशमी मानही वर न करता म्हणाली, "धाडी दे म्हण परत. मी खुडी देस."

*

एकदा शेठ सकाळीच म्हणाले, "चार दिवस काम बंद. चीनने माल थांबवला."

रेशमीने पदर खोचला. "तो चीन कोण शे? तेले फोन लावा, मी बोलस!"

शेठ पोट धरून हसले. आम्ही नाही हसलो. आम्ही चार दिवस घरी बसलो.

*

मग देठ काढायचं मशीन आलं. ते पसंत पडलं तर आम्ही बाराजणी घरी, हे शेठने जमिनीकडे बघत सांगितलं. ट्रायलला मशीनने अर्ध्या मिरच्या फोडल्या आणि उरलेल्यांचे देठ जसेच्या तसे ठेवले. साहेब तर दुसऱ्याच दिवशी यायचा होता!

"माय, मशीनच्या ढिगाला जरा हात लावा ना."

आणि आम्ही शहाण्या बायका बसून तो ढीग चकाचक करून मोकळ्या! समोर देठ दिसला की बोटं कुणाचं ऐकत नाहीत.

साहेब आला. ठसक्याने आमच्या मालाहून लाल झाला होता. त्याने त्या ढिगातल्या दोन मिरच्या उचलल्या, उलटसुलट बघितल्या आणि मान डोलावली. त्याच्याबरोबरची मुंबईची मुलगी आम्हाला मराठीत सांगू लागली, "सर म्हणतात, वंडरफुल मशीन! पुढच्या ऑर्डरला या बायकांची गरज नाही."

शकीलाचा चेहरा उतरला.

"सरांना फक्त एक गोणी चालवून बघायची आहे."

गोणी ओतली. मशीन घरघरलं. एकेक मिरची बाहेर आली, डोक्यावर देठ मिरवत! शेठ साहेबाच्या पाठीमागून दोन्ही हातांनी मला खुणावू लागले, या, काढा, लवकर काढा! रेशमी तर उठलीच होती. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि साऱ्या पथारीला ऐकू जाईल असं म्हटलं,

"बसा वं बायासहोन! मशीन काम करी ऱ्हायनं!"