दुमडलेला कोपरा

नोकरी गेल्याचं बायकोला फोनवर सांगता येतं का हो तुम्हाला? वासुदेवला येत नव्हतं.

गुहागरकडचा हा गडी दुबईत इमारतींच्या कामावर लोखंडी सळया बांधायचा. २००९ उजाडलं, मंदी आली, क्रेन जागच्या जागी थिजल्या आणि कंपनीचा मालक परागंदा झाला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, वासुदेव अल कुसैसच्या मजूर-कॅम्पात खाटेवर. बायको गिरिजा फोनवर विचारायची, हा म्हणायचा, बरं चाललंय. मग भिंतीकडे तोंड करून पडायचा.

शुक्रवारी डिस्कव्हरी गार्डन्स या वस्तीत राहणाऱ्या अनुपमाताई कॅम्पातल्या अडकलेल्यांसाठी डाळ-तांदूळ घेऊन यायच्या. मंदीत घर टाकून गेलेल्या कुणाचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. अमेरिकेच्या एका जुन्या पुढाऱ्याची खाजगी पत्रं. ताई ती मराठीत सांगायच्या. हा गृहस्थ सरकारी कामावर वर्षानुवर्षं परदेशी, आणि बायकोला लिहायचा काय, तर बागेतली झाडं, कुणाकडची मेजवानी.

“पोट भरलेल्यालाच झाडं सुचतात, ताई,” वासुदेव करवादला. पण पुढच्या शुक्रवारी त्यानंच विचारलं, पुढं काय लिहिलंय?

एकदा ताई म्हणाल्या, कुणाच्या घरी स्वतः येऊन गेलो हे कळावं म्हणून पूर्वी तिकडची बडी मंडळी आपल्या नावाच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवत. ते त्याच्या मनात बसलं. त्यानं गिरिजाला पत्रात सगळं खरं लिहिलं. पाकिटावर पत्ता ताईंच्या चांगल्या अक्षरात लिहून घेतला, कोपरा स्वतः दुमडला आणि कॅम्पातून कायमचं घरी निघालेल्या अलीमियाँकडे दिलं. त्यांनी ते मुंबईत उतरल्यावर टपालपेटीत टाकलं.

सामानात घासून दुमडलेला कोपरा तेवढा तुटला होता.

आपल्याकडे कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. त्यात अक्षर परकं. गिरिजानं पाकीट उघडलंच नाही, उंबऱ्याबाहेरच बसून राहिली. शेवटी दिरानं फोन लावून तिच्या कानाला धरला.

“आहात?”

“आहे की. पत्र पोचलं?”

“कोपरा फाटलाय त्याचा.”

तिनं काय धरलं असेल ते वासुदेवला उमगलं. आता लपवायला जोरच उरला नव्हता.

“नोकरी गेली गं. केव्हाच गेली.”

तिनं दिराच्या हातून फोन स्वतःकडे घेतला.

“एवढंच?” ती म्हणाली. “मग इतके दिवस एकटेच कशाला कुढत बसलात?”

घरी यायला त्याला पुढं वर्ष लागलं. पासपोर्टासाठी किती दारं ठोठावली, ते सांगायचाही त्याला आता कंटाळा येतो. माझं मागणं एकच. तुमचं माणूस तिकडून ‘बरं चाललंय’ म्हणत असेल, तर आज त्याला पुन्हा एकदा विचारा, आणि ते खरं बोलेपर्यंत फोन ठेवू नका.